बाळा मेस्त्रीचा वाटा

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात 'वंशावळ' यंत्र यायचं ठरलं, तेव्हा आधी त्याच्यासाठी एसी आला, मग काचेचं टेबल आलं, मग उद्घाटनाला पुढारी आले, आणि सगळे पांगल्यावर चांगल्या महिनाभरानं यंत्र आलं. दिसायला पोळपाटाएवढं. कर्मचारी काही ना काही निमित्त काढून त्या गार खोलीत जाऊन बसत, तेव्हा यंत्राचा पहिला फायदा केंद्राला लगेच झाला असं म्हणायला हरकत नाही.

क्षय पर्यवेक्षक दीपश्री धुरी मात्र सुरुवातीला नाराजच होती. चाळिशीची ही बाई इतकी वर्षं स्कूटरवरून सिंधुदुर्गातल्या वाड्या पालथ्या घालत होती. कोण औषध नीट घेतो, कोण गोळी गादीखाली सारतो, कोणाच्या घरात रोगाचं नावसुद्धा काढायचं नसतं, हे सगळं तिला तोंडपाठ. आता हा पोळपाट आपल्याला काय शिकवणार, असं तिला वाटे. यंत्रानं थोड्याच दिवसांत तिची बोलती बंद केली.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. क्षयाचा जंतू एका फुप्फुसातून दुसऱ्या फुप्फुसात जातो, तेव्हा आपली चव्वेचाळीस लाख अक्षरांची जनुकांची पोथी बरोबर घेऊन जातो. तिची नक्कल करताना तो फारसा चुकत नाही. दोन-तीन वर्षांत एखादं अक्षर. पण एकदा चुकलेलं अक्षर पुढच्या सगळ्या नकलांत तसंच उतरतं. त्यामुळे दोन रोग्यांच्या जंतूंच्या पोथ्या शेजारी मांडल्या, की कोणाचा जंतू कोणाकडून आला, साधारण कधी आला, आणि वाटेत तो कोणत्या औषधाला सरावला, हे सांगता येतं. पूर्वी हे काम मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत चाले आणि निकाल येईपर्यंत रोगी एकतर बरा झालेला असे किंवा गेलेला असे. आता सकाळी थुंकीची डबी ठेवली की दुपारच्या चहाला वंशावळ तयार.

त्यातच महिनाभरात रोग बरा करणारं नवं औषध आलं होतं. यंत्र प्रत्येकाचा जंतू वाचून हे औषध त्याच्यावर चालेल का ते सांगे, आणि बरं होण्याची शक्यता शंभरात किती तो आकडाही देई. या आकड्याला केंद्रात सगळे 'निकाल' म्हणत. तालुक्यातले निकाल नव्वदीच्या खाली क्वचितच येत. दोन हजार पन्नास साल उजाडायच्या आत क्षय हा शब्द फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरेल, असं भाषणांतून सांगितलं जाऊ लागलं, आणि दीपश्रीचाही त्यावर विश्वास बसला होता.

आणि मग चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात काही गावांचे निकाल घसरले.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर नसरीन सोलकर मुद्दाम आल्या. ऑक्टोबरचं ऊन बाहेर तापलं होतं आणि त्या भिंतीवर नकाशा लावून बसल्या होत्या. औषध न लागलेल्या रोग्यांची सगळी गावं त्यांनी लाल केली होती. त्यांचं म्हणणं असं, की या गावांना जोडणारं काहीच सापडत नाही. ती एका रस्त्यावर नाहीत, त्यांचा बाजार एक नाही, कॉलेजही एक नाही. त्यातली दोन तर खाडीच्या पलीकडे आहेत. तरी जंतू एकाच घराण्याचा. मग त्यांनी जंतूच्या फांद्या ज्या क्रमानं फुटल्या, त्या क्रमानं गावं पेटवून दाखवली. आंबेखोल लाल झालं, मग कातळगाव, मग वरचं साळणं.

 पुढचं गाव खाडीपलीकडचं बागवाडी असणार, हे दीपश्रीला नकाशाच्या आधी कळलं, आणि बागवाडीच पेटलं. हा क्रम तिला लहानपणापासून पाठ होता. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की तिच्या बाबांची कंपनी याच क्रमानं गावं घेत जाई.

डॉक्टरांनी विचारलं, काही सुचतंय का. पाणी पिऊन येते, असं सांगून दीपश्री बाहेर व्हरांड्यात आली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. पाणी प्यायचं ती विसरूनच गेली.

तिचे वडील वामन धुरी म्हणजे दशावतारी मंडळाचे मालक. मंडळाला रीतसर लांबलचक नाव होतं, पण लोक 'धुरींची कंपनी'च म्हणत. सत्तरी गाठली तरी राजाची भूमिका ते अजून स्वतः करत. धाकटा मुलगा गौरव त्याच कंपनीत बाईची कामं करायचा. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा नऊवारी नेसून उभा राहिला की समोरच्या बायका त्याच्या पदराकडे टक लावून बघत. हा गौरव गेले दोन महिने आरोग्य केंद्राच्या विलगीकरण खोलीत होता. नवं औषध त्याला लागलं नव्हतं, उलट त्यानं त्याची मूत्रपिंडं दुबळी करून ठेवली होती. त्याचा निकाल शंभरात एक्केचाळीसवर आला होता.

खरं म्हणजे घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली तेव्हाच एक गोष्ट दीपश्रीला कळली होती. बाबांच्या थुंकीतही जंतू जेमतेम का होईना सापडला होता, आणि वंशावळीत तो गौरवच्या बरोबर वरच्या पायरीवर होता. म्हणजे तो बाबांकडून गौरवला गेला होता. बाबा तेव्हापासून तोंडाला फडकं बांधून पडवीत वेगळे राहत होते. घरातला संसर्ग म्हणून तिनं ते गिळलं होतं. पण नकाशा पाहिल्यावर तिला दिसलं, की गोष्ट एका घरापुरती राहिलेली नाही. जत्रेत खेळ उघड्यावर होतो, तिथं जंतूची डाळ शिजत नाही. पण रंगपट, म्हणजे नट जिथं रंग लावतात ती खोली, थंडीमुळे चारी बाजूंनी कापडानं बंद केलेली असते, आणि राजाला मिशी रंगवताना पाहायला अर्ध्या गावाची पोरं आणि म्हातारे तिथं दाटीवाटीनं बसतात.

ती आत परत गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगून मोकळी झाली. या एका वाक्यानं बाबांचा हंगाम बुडणार हे तिला ठाऊक होतं. नसरीन बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि ज्यासाठी त्या खऱ्या अर्थानं आल्या होत्या ते बोलायला लागल्या.

"तुमच्या भावाचं सांगते. त्याच्यासाठी आता दोनच औषधं उरलीत. एक जुनी पिवळी गोळी आणि दुसरं इंजेक्शन. इंजेक्शननं त्याचे कान जाऊ शकतात, आणि ही मूत्रपिंडं ते सोसतील का, हीही शंका आहे. त्यामुळे मला पिवळी द्यायचीय. पण त्याच्या जंतूत एक अक्षर बदललंय आणि त्याचा अर्थ यंत्राला लागत नाही. ते अक्षर जन्मापासूनचं असेल तर निरुपद्रवी आहे. नंतर आलेलं असेल तर तो जंतू पिवळ्या गोळीला सरावलाय, आणि मग पिवळी देणं म्हणजे काहीच न देणं."

जंतू वाढवून त्याच्यावर गोळी घालून बघायची पद्धत जुनी आहे, पण हा जंतू आळशी. त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. गौरवकडे तेवढा वेळ नव्हता.

नसरीन बाईंना आणखी एक कोडं पडलं होतं. या घराण्याच्या मुळाशी, सोळा वर्षांपूर्वीच्या एकाच हंगामात, एकदम चार फांद्या फुटल्या होत्या, त्यांतल्या तीन प्रत्येकी वेगळ्याच एका औषधाला सरावलेल्या होत्या; चौथी, गौरवची, कशाला सरावलीय तेच कळत नव्हतं. असं व्हायचं तर निदान तिघा-चौघांनी एकाच वेळी, प्रत्येकी एकच औषध खाल्लेलं असलं पाहिजे. क्षयाला कधीच एक औषध देत नाहीत. तीन-चार एकदम देतात, म्हणजे एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. एकेकटं औषध दिलं तर जंतूची शिकवणीच होते. जगातला कुठलाही डॉक्टर असं करणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग हे केलं कोणी?

सोळा वर्षांपूर्वी म्हटल्यावर दीपश्रीला बाळा मेस्त्री आठवला.

बाळा कंपनीत संकासुर राक्षसाचं सोंग घ्यायचा. त्याला क्षय झाला तेव्हा ती रत्नागिरीला शिकत होती. सुट्टीला आली तोवर बाळा गेला होता. त्याची बायको सुमित्रा वरच्या आळीत राहायची. बाळा गेल्यापासून दर हंगामाच्या शेवटी बाबा त्याचा वाटा तिच्या घरी पोचवत आले होते. कंपनीत मिळेल ते सगळ्यांत सारखं वाटायचं, मग ती बिदागी असो, देवळातला नारळ असो की कोणी दिलेलं लुगडं असो, आणि मालकानं सगळ्यांत शेवटी उरेल ते घ्यायचं, ही धुरींच्या कंपनीची रीत होती. मेलेल्या नटाचा वाटा काढणारा मालक पंचक्रोशीत दुसरा नव्हता. दीपश्रीला त्याचा फार अभिमान होता.

ती दुपारीच घरी गेली. बाबा खळ्यात, घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, दोरीवर राजाचे पोशाख वाळत घालत होते. हंगाम तोंडावर आला होता. तिनं लांबच बसून नकाशाचं सांगितलं.  बाबा हातातला जरीचा अंगरखा नीट करत राहिले. मग तिनं चार फांद्यांचं सांगितलं, एकेका औषधाचं सांगितलं, आणि बाबांच्या हातातून अंगरखा खाली मातीत पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

"ता माझा काम," ते म्हणाले.

मग ते पायरीवर बसले आणि फडक्याच्या आडून बोलत राहिले. त्या हंगामात रंगपटात बाळा आणि स्वतः बाबांसकट चौघं खोकत होते. तपासायला गेलं असतं तर एकेकाला घरी बसवलं असतं आणि कंपनी मोडली असती. बाळाला खोकताना रक्त पडलं म्हणून तो एकटा दवाखान्यात गेला. त्याचा रोग चिवट जातीचा निघाला म्हणून त्याला चार जातींच्या सुट्या गोळ्या मिळाल्या: गुलाबी, पांढऱ्या, तांबड्या, पिवळ्या. तो पिशवी घेऊन रंगपटात आला, आणि जे काही रंगपटात येतं त्याचं जे होतं तेच त्या पिशवीचं झालं.

"मी म्हटलंय, आपल्या कंपनीत एकट्यान काय खावचा नाय. एकाक गुण येता तर सगळ्यांका येंदे. प्रसाद वाटतत तसा वाटलंय. एकाक गुलाबी, एकाक पांढरी, एकाक तांबडी. मालक शेवटाक घेता. माका पिवळी ऱ्हवली."

"आणि बाळाकाका?"

"गुलाबी. बाळाच्या वाट्याक गुलाबी इली."

"तेंनी काय म्हटल्यानी नाय?"

"वाट्याक नाय म्हणूची रीत नाय आमच्यात."

खोकला सगळ्यांचाच महिनाभर थांबला, असं बाबा सांगत होते. सगळ्यांना वाटलं, औषध लागू पडलं. पिशवी संपली की बाळा नवी आणी, तिचीही वाटणी होई. शिमग्याच्या आधी बाळा गेला. बाकीचे दोघं पुढं केव्हातरी गेले, त्यांचं खापर दारूवर फुटलं. बाबांच्या अंगात मात्र जंतू निजून राहिला आणि म्हातारपणी जागा झाला. दीपश्रीनं विचारलं, मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत? बाबांनी मान खाली घातली. तिला ही नोकरी लागली तेव्हा गावोगाव सांगायचं भाषण ती घरात पाठ करायची: गोळ्या अर्धवट खाल्ल्या तर जंतू शहाणा होतो. ते ऐकलं त्या दिवशी त्यांना कळलं होतं.

दीपश्रीला बाबांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांचा इतका राग आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. गौरव तिकडे काचेआड धापा टाकत होता आणि त्याच्या छातीतला जंतू याच पायरीवर बसलेल्या माणसानं एकट्या पिवळ्या गोळीवर पोसला होता. ती फक्त एवढंच म्हणाली, की हे सगळं नसरीन बाईंना सांगावं लागेल.

नसरीन बाईंनी ऐकलं, आणि तरी नकाराची मान हलवली. सोळा वर्षांपूर्वीच्या आठवणीवर कोणी इंजेक्शन लिहून देणार नाही, आणि तेही अशी मूत्रपिंडं असताना. अशा औषधांना मंजुरी देणाऱ्या समितीला पुरावा लागणार. पुरावा एकच होता. चिवट क्षयाच्या रोग्यांचे जुने नमुने जिल्ह्याच्या शीतकोठीत गोठवून ठेवलेले असत. बाळाचाही होता, पहिली गोळी खाण्याआधीचा. त्याच्या जंतूत ते अक्षर आधीपासून असलं तर पिवळी चालेल. नसलं तर ते बाबांच्या अंगात तयार झालं, आणि पिवळी बाद. पण मेलेल्याचा नमुना उघडायचा तर कायद्यानं घरच्यांची संमती लागते. कशासाठी उघडायचा ते खरं खरं सांगून, त्यांच्या आवाजात घेतलेली.

म्हणजे सुमित्राकाकीची.

दीपश्री एकटीनं जाणार होती. बाबा फडकं बांधून, काठी घेऊन मागोमाग निघाले. तुम्ही राहू द्या, असं तिनं सांगून पाहिलं. ते थांबले नाहीत, आणि चढणीवर त्यांना दम लागला तरी तिनं हात दिला नाही. नंतर कितीतरी दिवस तिला ते आठवत राहिलं.

सुमित्राकाकी खळ्यात सुपारी सोलत बसली होती. धुरीभावजी दारात आले म्हणून ती लगबगीनं उठली, खुर्ची आणली, चहाचं आधण ठेवते म्हणाली. बाबा खुर्चीवर बसले नाहीत. खळ्याच्या कडेला, तिच्यापासून लांब उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्यांचे रंगसुद्धा सोडले नाहीत. रंगमंचावर तासन्‌तास बोलणारा हा माणूस एकेका शब्दाला अडत होता. दीपश्री जमिनीकडे बघत उभी होती.

काकी ऐकता ऐकता खाली बसली. 

"सोळा वर्सां तुमी माका वाटो पाठयलास," ती म्हणाली. "मी गावात सांगी, धुरींसारको मालक मिळूचो नाय. पोरांका सांगी, तेंच्या पाया पडा."



काकी बाबांकडे न बघता दीपश्रीला विचारायला लागली. गौरवाला कसं आहे? तो लहान असताना तिच्याच घरी जेवायचा. नमुना उघडला तर तो नक्की वाचेल का? नक्की नाही, असं दीपश्रीनं सांगितलं. पण उघडला नाही तर डॉक्टर अंदाजानं औषध देतील. काकीनं पदरानं हात पुसले आणि पुढचा प्रश्न विचारला, त्याची दीपश्रीला भीती होती.

"ह्या तुझा यंत्र जित्या माणसाचा सांगता, जगतलो काय नाय ता. तसा मेलेल्याचा सांगता काय? तेंनी सगळे गोळये एकट्यान खाल्ले आसते तर?"

सांगतं. यंत्राला जंतू मिळाला, वय-वजन मिळालं आणि औषधं कळली की त्याला माणूस जिवंत आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. आणि ज्यांनी संमती दिली त्यांना पूर्ण निकाल मागायचा हक्कही होता. खोटं बोलायचं दीपश्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "सांगता काकी," ती म्हणाली. "पण तेचो आता काय उपेग?"

"ता माझा मी बघीन. निकाल हयसर येवन वाचूचो, माझ्या खळ्यात. आणि वाचशीत तेव्हा धुरीभावजी समोर होये."

मग तिनं दीपश्रीच्या फोनपुढं तोंड नेऊन स्पष्ट आवाजात सांगितलं, की मी सुमित्रा बाळकृष्ण मेस्त्री, माझ्या घोवाचा नमुना उघडायला माझी हरकत नाही. चहाचं आधण आत उकळून उकळून आटलं. कोणीच चहा प्यायलं नाही.

पुढचे दोन दिवस धावपळीचे गेले. लाल झालेल्या सगळ्या गावांत पुन्हा तपासणी सुरू झाली. देवस्थानांच्या कमिट्यांचे फोन बाबांना येऊ लागले. आधी आदबीनं, मग कोरडे. या वर्षी धुरींची कंपनी नको, असं बागवाडीनं कळवलं आणि मग बाकीच्यांनीही तीच री ओढली. बाबांनी एकाशीही वाद घातला नाही. काचेआड गौरवला यातलं अर्धंच सांगितलं होतं. इंजेक्शन दिलं तर ऐकू येणं जाऊ शकतं, एवढं मात्र तिनं सांगितलं, कारण ते त्याचे कान होते. त्यानं धाप आवरत विचारलं, की पेटीचा सूर ऐकू आला नाही तर गाणं कसं धरायचं. थोड्या वेळानं त्याचं त्यानंच सांगितलं, की ताई, जगलो तर बघू.

नमुना वितळला, वाचला गेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नसरीन बाईंचा फोन आला. बाळाच्या जंतूत ते अक्षर नव्हतं. म्हणजे ते बाबांच्या छातीत तयार झालं होतं आणि पिवळी गोळी बाद होती. पुरावा हातात आल्यावर समितीनं तासाभरात मंजुरी दिली आणि गौरवला पहिलं इंजेक्शन दुपारच्या आत मिळालं. लाल गावांतल्या इतर रोग्यांना पिवळी द्यायचा बेतही त्याच दिवशी रद्द झाला; त्यांतल्या कितीजणांना ती फुकटच खाऊ घातली जाणार होती, याचा हिशेब करायचं दीपश्रीनं टाळलं. यंत्रानं गौरवचा निकाल नव्यानं काढला. शंभरात बहात्तर.

बाळाचा निकाल त्याच्याच खाली होता.

तो वाचल्यावर दीपश्री त्या गार खोलीत एकटीच बसून राहिली. आकडा बदलून सांगणं अवघड नव्हतं. शंभरात तीस-चाळीस सांगितलं असतं तर काकीचं दुःख जुनंच राहिलं असतं, बाबांना उरलेली वर्षं झोप लागली असती, आणि जगात कोणाचंच काही बिघडलं नसतं. तिनं मनाशी तीस हा आकडा ठरवलासुद्धा.

संध्याकाळी उन्हं कलताना ती बाबांना घेऊन वरच्या आळीत गेली. या वेळी चढणीवर तिनं त्यांचा दंड धरला होता. काकी वाटच बघत होती. तिनं लुगडं बदललं होतं, कपाळावरचे केस नीट बसवले होते, आणि खळ्यात एकच खुर्ची मांडली होती, ती दीपश्रीसाठी.

दीपश्रीनं आधी गौरवचं सांगितलं. इंजेक्शन सुरू झालं, आशा आहे, खात्री नाही. काकीनं डोळे मिटून देवाला हात जोडले. 

दीपश्रीनं फोन हातात धरला. तीस म्हणायचं होतं. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांना तिचं मन कळलं असावं. ती लहानपणी खोटं बोलायच्या आधी अशीच त्यांच्याकडे बघायची.

"खरा काय ता वाच, बाय," ते म्हणाले.

"शंभरात ब्याण्णव," दीपश्रीनं वाचलं.

 काकीनं तो आकडा एकदा ओठांतल्या ओठांत म्हटला. बाबा खाली बसतील असं दीपश्रीला वाटलं, पण ते उभेच राहिले. कोणीतरी रडावं, ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं. काकीनं तसं काही केलं नाही. ती उठली, खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि उंबऱ्यापर्यंत गेली. तिथून तिनं दीपश्रीला जवळ बोलावलं.

"गौरवाक औषध लागला, की माका सांगूक ये," ती म्हणाली. "उशीर करू नको, माझो जीव टांगणीक लागललो आसतलो. पण तू ये. तेंका धाडू नको."